ओव्हनचा पॉइंट

सोमवार, ४. सकाळी ७.
ओव्हन येऊन तीन आठवडे झाले. अजून खोक्यातच. स्वयंपाकघरात जादा पॉइंट नाही. ही म्हणाली, बाबांना बोलवू. सासरे परवानाधारक वायरमन आहेत. परवाना आमच्या लग्नातही खिशात होता. मी असताना ते कशाला? त्यांच्यापुढे हात पसरणार नाही. रविवारी ते जेवायला येतील आणि माझ्या पॉइंटवरचा केक खातील. ठरलं.

मंगळवार, ५.
खरेदी: ड्रिल, टेस्टर, रबरी हातमोजे, रबरी मॅट, नियमांची पुस्तिका आणि ‘धोका! हात लावू नये’ अशी पाटी. सुरक्षितता आधी. काम उद्यापासून.

बुधवार, ६.
मेन बंद केला. पाटी लावली. ड्रिल चालेना. दुकानदाराला सुनावून आलो. त्याच्याकडे चाललं. घरी मेन बंद आहे का, असं त्याने विचारलं. मला माहीत होतंच.
फ्रिजमधलं दूध नासलं. हिने पातेलं माझ्यासमोर आणून ठेवलं.

गुरुवार, ७.
छन्नीने भिंत फोडली. वायर थेट मेन बोर्डापर्यंत नेली. पुस्तिका, पान १२: बोर्डातली जोडणी परवानाधारकानेच करायची. नियम म्हणजे नियम. टोकांना टेप लावली, मेन चालू केला. त्याचं नंतर बघू.

शुक्रवार, ८.
प्लास्टर, रंग. टोकंही आत गेली. काय सफाई! वायर कुठे आहे ते मलाही ओळखता येत नाही.

शनिवार, ९.
पॉइंटला दहा वेळा टेस्टर लावला. एकदाही पेटला नाही. कुठेही धोका नाही. ही म्हणाली, ओव्हन लावून बघा तरी. म्हटलं, उद्घाटन बाबांच्या हस्ते.

रविवार, १०. दुपारी १.
केकचं मिश्रण तयार. सासऱ्यांनी बटण दाबलं. काही नाही. त्यांनी विचारलं, वायर कुठून येते? म्हटलं, भिंतीतून. भिंतीत कुठून येते? मला अचानक तहान लागली.

दुपारी ४.
सासऱ्यांनी भिंत ठोकून टोकं शोधली. माझं प्लास्टर फोडलं, अर्थिंग तपासलं, बोर्डात जोडणी केली. वीस मिनिटं. म्हणाले, जावईबापू, इतका सुरक्षित पॉइंट उभ्या आयुष्यात पाहिला नाही. जाणकाराची दाद ती दाद!
केक छान झाला. पहिला तुकडा त्यांना. मला कडेचा.
निघताना त्यांनी बोर्डावरची पाटी काढली आणि माझ्या हत्यारांच्या पेटीला बांधली. हिने वरून आणखी एक गाठ मारली.