चौथ्यावर अडकलेली लिफ्ट

मंगळवार संध्याकाळ, चारकोप

भुतांच्या सिनेमांना मी घाबरत नाही. पांढऱ्या साड्या, करकरणारी दारं, सगळा बकवास! पण आज लिफ्ट चौथ्यावर अडकली होती आणि तिच्यातला रेकॉर्ड केलेला आवाज एकसारखा सांगत होता, ‘कृपया दरवाजा बंद करा.’

दार उघडं टाकायची खोड चौथ्यावरच्या सावंतकाकूंची. त्या वारल्या त्याला महिना झाला, घराला कुलूप आहे. तरी सवयीने खालून ओरडले, ‘काकू, दार लावा ना!’

नेहमी वरून ‘लावते गं’ ऐकू यायचं. आज नुसतं दार लागलं. कोणी लावलं?

लिफ्ट रिकामीच खाली आली. मी जिन्याने निघाले. पण मी राहते पाचव्यावर, चौथा लागतोच ना! तिथे डोळे घट्ट मिटले.

सिनेमात असं करणाऱ्यांना मी हसते.