हौगन तेवढे आमचेच

१२ जून २०२५, गुरुवार

सगळ्यात आधी आली ती शेजारची आर्डिस, नेहमीप्रमाणे न बोलावता. म्हणाली, "बोर्गिल्ड, चर्चमागच्या दफनभूमीत दोन माणसं वाकवाकून दगड वाचतायत. गाडीला ओरेगनची पाटी." मी ॲप्रन काढायच्या आत गाडी माझ्याच दारात! जनेल आणि तिचा नवरा ग्लेन. जनेल माहेरची हौगन. पणजोबांचा शोध काढत आलीय. चर्चमध्ये सांगितलं म्हणे, गावात हौगन आता एकच उरलीय, ती मी. उरलीय म्हणे. जशी काही डब्यातली वडी.

कॉफी घेणार का विचारलं, तर पहिल्याच विचारण्याला "हो"! आर्डिस बघतच राहिली. आमच्या मिनेसोटात परका माणूस दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणतो. पहिल्यांदाच हो म्हणतं ते घरचं माणूस. मी तिथेच ओळखलं, ही रक्ताची आहेत. परसातल्या रुबार्बच्या आंबट देठांचा केक केला होता, त्याचे दोन-दोन तुकडे खाल्ले.

पणजोबांचं नाव अँडर्स. मी म्हटलं, अँडर्स? आमचाच की तो! माझ्या नवऱ्याच्या आजोबांचा, ओलेचा, भाऊ. (सख्खा म्हटलं नाही. नुसतं भाऊ म्हटलं.) जनेलच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्याही आलं.

१३ जून, शुक्रवार

त्यांना कबरी दाखवल्या. ओलेचा दगड माणसाएवढा, अँडर्सचा पार कुंपणाशी, गवतात बुडालेला. जनेल म्हणाली, "भाऊ असून इतका लांब?" मी म्हटलं, त्याला एकांत आवडायचा. आवडतही असेल, कोणाला ठाऊक.

मग माझ्या नवऱ्याची, ऑर्विलची कबर. त्याच दगडावर माझं नाव: बोर्गिल्ड, १९४१, पुढे रेघ, पुढे कोरं. ग्लेन दचकला. मी म्हटलं, दोघांचं एकदम कोरून घेतलं बाबा, आता शेवटचा आकडा तेवढा राहिलाय, लेकाला त्रास नको. लेक म्हणजे मर्लिन, टेक्ससला असतो. रविवारच्या रविवारी फोन करतो. गेले तीन रविवार नाही केला, पण तिकडे उन्हाळा फार कडक आहे.

जाताना जनेल मला "आजी" म्हणाली. नातवंडं टेक्ससला आहेत माझी, पण तोंडासमोर कोणी आजी म्हणून किती वर्षं झाली. गाडी धान्याच्या कोठाराआड गेली तरी मी हात हलवतच होते.

१५ जून, रविवार

चर्च सुटल्यावर आर्डिसने गाठलंच. "अगं, अँडर्स तुमचा गडी होता! भाऊ कधीपासून झाला?"

मी म्हटलं, हौगन होता ना?

"हौगन हे नॉर्वेतल्या शेताचं नाव. त्या शेतावर राहिला तो हौगन. मालक हौगन, गडी हौगन. गाईला सही करता आली असती तर तीही हौगन होऊन बोटीत बसली असती."

आर्डिसची जीभ अशी. सासूबाईही गडीच म्हणायच्या, मला काय माहीत नाही? पण अकरा वर्षं आमच्या टेबलावर जेवला तो. "टेबलावर नाही, मागच्या ओसरीत," आर्डिस म्हणाली. तिला ओसरीसुद्धा माहीत.

ठरवलं: जनेलला खरं काय ते लिहायचं. उद्याच.

१६ जून

लिहायला बसले. माझं शिक्षण आठवीपर्यंत. "गडी" हा शब्द कागदावर फार वाईट दिसतो. रुबार्बच्या केकची कृती लिहून पाठवली.

७ जुलै, सोमवार

जनेलकडून खोका! आत एक नळी. तिच्यात थुंकून पाठवायचं, मग रक्ताचं नातं कळतं म्हणे. चारचौघात कधी थुंकले नाही जन्मात. तोंड कोरडं पडलं तेव्हा आर्डिसने लोणच्यातली काकडी नाकाखाली धरली, मग भरली एकदाची नळी. आर्डिस काही बोलली नाही. हेवा वाटला असेल.

२० जुलै

माडीवरची खोली त्यांच्यासाठी लावून ठेवली. नाताळला येतीलच. फ्रीझरमध्ये अकरा केक. मर्लिनची बक्षिसं कपाटातून काढून खोक्यात भरली, तो काही विचारणार नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

जनेलचा फोन. म्हणाली, "आजी, जुळत नाहीये. थोडंसुद्धा नाही."

मी म्हटलं, यंत्र बिघडलं असेल. मग फोन हातात तसाच, आणि डोक्यात लख्ख प्रकाश! अगं मी तर सून. माहेरची मी लुंड. हौगनांचा एक थेंब नाही माझ्यात. चौऱ्याऐंशी वर्षांची झाले, त्यातली साठ हौगन म्हणून काढली, विसरूनच गेले होते.

आता थुंकी निघालीच होती, तर बाकीचंही सांगून टाकलं. गडी, ओसरी, कुंपण, सगळं.  ती म्हणाली, "म्हणजे आपण एकमेकींच्या कोणीच नाही?"

मी म्हटलं, पोरी, तू पहिल्याच विचारण्याला कॉफी घेतलीस.

"आमच्याकडे सगळेच घेतात, बोर्गिल्डबाई," ती म्हणाली.

आजी नाही. बोर्गिल्डबाई. पण आवाज गोड होता हो. तिला अँडर्सच्या सख्ख्या भावाची माणसं सापडलीत, साउथ डकोटात. पुढच्या वर्षी तिकडे जाणार. मी म्हटलं, मग इकडेही या की, वाटेवरच आहे, थोडं पुढे. (चार तास पुढे.) पणजोबांचा दगड तर इथेच आहे ना. "हो, हो, बघू," म्हणाली. "मे अखेरीस मेमोरियल डेला सगळे कबरींवर फुलं ठेवतात ना, तेव्हा येऊ. नक्की." मागून ग्लेन काहीतरी म्हणत होता, ऐकू आलं नाही.

आर्डिसला सांगितलं. ती म्हणाली, "तू सून आहेस हे मला त्याच दिवशी सुचलं होतं. पण तू इतक्या खुशीत थुंकत होतीस." मग पहिल्यांदाच न चिडवता घरी गेली.

२४ ऑगस्ट, रविवार

मर्लिनचा फोन नाही. केक दहा राहिले.

पुढच्या वर्षीचं कॅलेंडर अजून कोणी दिलेलं नाही. आर्डिसने फोनमध्ये बघून सांगितलं, ते इथे लिहून ठेवते: मेमोरियल डे, सोमवार, २५ मे.