विमानाचं इंधन आणि माझा एप्रन

३ मार्च, सोमवार
शुक्रवारी परीक्षा. विमान कंपनीचे तपासनीस येऊन आमचं इंधन तापलेल्या नळीतून सोडणार. नळी चकचकीत राहिली तर आमचा प्लांट चालू. काळी पडली तर प्लांटला कुलूप आणि मी घरी. पडणार नाही. कोळशाच्या डांबरातलं तेल अर्धं, रिफायनरीत उरलेलं तेल अर्धं, त्यात दाबाखाली हायड्रोजन मुरवायचा. सोपं आहे. संकल्प: या आठवड्यात कोणावर चिडायचं नाही.

४ मार्च
टाकी वेळेत भरेना. पंपाचा वेग वाढवला. ऑपरेटर म्हणाला, मॅडम, एवढ्या घाईत हायड्रोजन मुरणार कसा? त्याच्यावर चिडले. पण समजुतीच्या सुरात, म्हणजे ते धरायचं नाही.

५ मार्च
टाकी भरली. आता ऑपरेटरचं नवीन: नमुन्याला डांबरगोळ्यांचा वास येतोय, तेल कच्चं राहिलंय. वास माझ्या एप्रनचा. तो कपाटात डांबरगोळ्यांतच असतो. आईने भरून दिलेल्या ट्रंकेला हाच वास होता. हॉस्टेलच्या पहिल्या दिवशी तिच्यात तोंड खुपसून रडले होते, आणि हॉस्टेल सांभाळणाऱ्या सिस्टर शेजारी येऊन बसल्या होत्या. असा वास वाईट कसा असेल?

६ मार्च, सकाळी
एप्रन दोनदा धुऊन दोरीवर वाळत घातला. हे म्हणाले, तुझं तेल उडो न उडो, एप्रन नक्की उडणार.

संध्याकाळी
एप्रन न घालता गेले. वास आहेच. केसांत बसला असणार. ऑपरेटर हळूच म्हणाला, मॅडम, अजून वेळ आहे, सगळं परत एकदा सावकाश फिरवू, मी थांबतो. म्हटलं, भरलेल्या टाकीला हात लावायचा नाही. काल रात्रभर डोळा लागला नव्हता. कॉफी कमी करायला हवी.

७ मार्च
केस धुऊन गेले. तपासनीस माझ्या मुलाहून लहान. बाटली उघडताच त्याने नाकाला रुमाल लावला. सर्दीला वाफ घ्या, असं मी सुचवलं. नळी तापवून इंधन सोडलं. मी ऑपरेटरच्या तोंडाकडे बघत होते. त्याने मान खाली घातली.
नळी पूर्ण काळी नव्हती. एका टोकाला मूळ रंग शिल्लक होता. मी तो सर्वांना दाखवला.

१० मार्च
प्लांटला कुलूप. यांना सांगितलं, मीच नोकरी सोडली. यांनी चहा ठेवला.
आमचं सगळं इंधन रिफायनरीच्या बॉयलरमध्ये जातंय. बॉयलरवाल्याचा फोन आला: मॅडम, तेल मस्त जळतंय, फक्त धूर जरा जास्त आहे.
जळण्याबद्दल मला कधीच शंका नव्हती.