पुढं किती, मागं किती

उमरगा,
९ मार्च १९८६

ती. तात्यारावमामांना,

मल्लिनाथचा नमस्कार, आणि तुमच्या भाचेसुनेचा, अयोध्याचाही (ती शेजारी ज्वारी निवडत बसली आहे आणि मी काय लिहितो याकडं तिचा एक डोळा आहे). तुमची तब्येत ठीक असेल. सुमनमामींचे गुडघे आता जिना चढू देतात का, ते कळवा. इकडं आडानं संक्रांतीलाच तळ दाखवला. टँकरचा भोंगा वाजला की आख्खी गल्ली घागरी घेऊन पळते. सोसायटीत दूध निम्म्यावर आलंय, त्यामुळं सचिव असूनही मला पत्र लिहायला सवड आहे.

पत्राचं कारण गाडी. तुमच्या नव्या घराच्या बोळात अँबॅसिडर शिरेना म्हणून तुम्ही ती मला दिलीत, तेव्हा समोरच्या कप्प्याच्या झाकणामागं पेन्सिलीनं हवेचे आकडे लिहून ठेवले होते. पुढच्या चाकांत किती, मागच्या चाकांत किती. दिवाळीत अयोध्यानं गाडी आतून पुसली (पाणी जपून वापरायच्या दिवसांत तिला पुसायला नेमका तोच कोपरा सापडला). आता तिथं 'पुढं' एवढा एकच शब्द शिल्लक आहे. मी तुम्हाला तेव्हाच कार्ड टाकायला हवं होतं. पण वाटलं, हवाच तर आहे, इथंही कुणी सांगेल.

सांगणारे फार निघाले. हायवेवर पंक्चरचं दुकान असलेला बब्रुवान सांगतो की हवा कमी असली तर रस्ता टायर खातो, तेव्हा सरळ चाळीस पौंड भरा. (त्याचं सगळं आयुष्य ट्रकच्या चाकांत गेलंय, हे मला उशिरा सुचलं.) आमचे चेअरमन नानासाहेब बावीस वर्षं जीप चालवतात. त्यांचं म्हणणं, हवा जितकी कमी तितकी गाडी मऊ चालते, बायकामाणसं असतील तर अठराच्या वर जाऊच नये. मी दोघांनाही व्हय म्हणालो. आणि जानेवारीत एकाच दिवशी दोघांचंही ऐकलं.

तो दिवस आईच्या मोतीबिंदूचा. तीन वर्षं आम्ही तिच्या मागं लागलो होतो. ती म्हणायची, दिसतंय तेवढं पुरं हाय. चुलीतला जाळ दिसायचा, पण जाळावरची भाकरी करपलेली दिसायची नाही. शेवटी संक्रांत झाल्यावर ती हो म्हणाली, सोलापूरच्या डॉक्टरांनी सकाळी अकराची वेळ दिली आणि मी बब्रुवानकडून चारी चाकांत चाळीस-चाळीस भरून घेतली. मामा, गाडी रस्त्यावरून चालली नाही, टप्पे खात गेली. खडी दिसली की उडायची. दशम्यांचं गठुडं दोनदा माझ्या मानेवर येऊन आदळलं. आई मागं बसून पुढच्या सीटला दोन्ही हातांनी धरून होती. जळकोट आल्यावर शांतपणे म्हणाली, "मल्लिनाथा, गाडी माघारी फिरव. डोळ्याच्या आधी माझी हाडं निघतेल."

मी गाडी फिरवली नाही. खाली उतरलो आणि नानासाहेबांचं स्मरण करून काडेपेटीतल्या काडीनं एकेका चाकाची हवा सोडत बसलो. हवा मोजायचं मीटर जवळ नव्हतं. अंदाजानं सोडली, आणि माझा अंदाज कसा असतो ते तुम्ही माझ्या दहावीच्या निकालापासून ओळखता. पुढं गाडी खरंच मऊ झाली. इतकी मऊ की चिखलातून म्हैस हाकावी तसं स्टिअरिंग ओढावं लागत होतं. नळदुर्ग सोडून तीन-चार मैल गेलो असू, मागचं डावं चाक तापून बसलं. ट्यूबचा वॉल्व्ह मुळासकट उपटला होता. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. चारी चाकांचं बघताना पाचव्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आई आणि अयोध्याला लिंबाखाली बसवून मी चाक घेऊन एका ट्रकमधून नळदुर्गला गेलो. दीड तासानं परत आलो तर लिंबाखाली अयोध्या एकटीच. आई रस्त्याच्या पलीकडं, उमरग्याच्या दिशेनं तोंड करून, गठुडं काखेत घेऊन उभी. एस.टी.ला हात करायला थांबली होती. (दोन एस.ट्या गेल्या म्हणे, पण तिला त्या जवळ आल्यावरच दिसल्या आणि तोवर त्या पुढं गेल्या.)

मी जवळ गेलो. मला वाटलं गाडीवर चिडली असेल. ती म्हणाली, "गाडीचं काय न्हाय रं. माझी आई एक डोळा दाखवाया गेली आन दोन्ही घालवून आली. तात्या लहान हुता, मीच तिला हाताला धरून फिरवायची."

मामा, हे मला कधीच माहीत नव्हतं. आजी आंधळी होती एवढंच आम्ही ऐकलेलं, कशानं ते कुणी सांगितलं नाही. मी तीन वर्षं आईला हट्टी म्हणत होतो.  रस्त्यात उभ्या उभ्याच म्हणालो, नुसता दाखवून येऊ, तू न्हाय म्हणालीस तर माघारी.  तिनं गठुडं माझ्याकडं दिलं आणि माझा हात धरून रस्ता ओलांडला.

चाक बसवल्यावर तिनं चारी चाकं हातानं चाचपली, दोन ठिकाणी "हिच्यात कमी हाय" म्हणाली, आणि मी निमूटपणे पायपंप मारला (तो नळदुर्गच्या दुकानदारानं विश्वासावर दिला होता). तशी गाडी सोलापूरपर्यंत नीट गेली. पोचायला दीड वाजला. डॉक्टर जेवायला गेले होते. आले ते आईशी अर्धा तास बोलत बसले, आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आता जाड भिंगाचा चष्मा लागलाय. चष्मा लावून तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुझं केस कवा पिकलं?"

घरी आल्यावर मीटरनं मोजलं तर चार चाकांत चार आकडे निघाले. म्हणून विनंती, खरे आकडे कळवावेत, पुढचा आणि मागचा वेगवेगळा. कळावे, लोभ आहेच.

तुमचा,
मल्लिनाथ

ता. क. अयोध्या म्हणते, या खेपेला पेन्सिलीनं लिहू नका.

ता. क. २. ती आता ज्वारी घेऊन आत गेली, म्हणून लिहितो (तिनं वाचलं तर आईला लगेच कळेल). दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन येत्या एकोणीस तारखेला आहे. आईनं मला तीन वेळा बजावलं, तात्याला कळवू नको, उगं पळत येईल. एका गोष्टीसाठी आई तीनदा कधी बजावत नाही. दोन दिवस ती जेवलेलीही नाही. तेव्हा आकडे पत्रानं पाठवू नका. तुम्ही अठरालाच सोलापूरला या, आम्ही दवाखान्याच्या दारात असू. तुम्हाला बघून ती रागावेल. रागावू द्या.