घरातली चुंगी

बाबा, आज पगार झाला. टॅक्स कापून उरलेले पैसे घेऊन मी बँकेतून घरी आले आणि थोड्या वेळानं तुमचा लेक वरच्या मजल्यावरून खाली आला, पायरीवर बसला आणि आईच्या हातचा चहा पिता पिता मला म्हणाला, "ताई, तू तं सरकारची लाडकी. मागाच्या आधीच कापून देते." मग स्वतःच हसला. त्याची आता दोन दुकानं आहेत, कूलर बनवायला माणसं आहेत, आणि तरी कागदावर तो दर वर्षी जेमतेम पोट भरणारा माणूस असतो. पावती मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तो चढा भाव सांगतो आणि ही युक्ती मला कौतुकानं ऐकवतो. लोकसभेची निवडणूक तोंडावर आली आहे, बाहेर रिक्षाला कर्णा बांधून कोणीतरी ओरडत फिरतंय, आणि मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा मी कधी भांडले नाही, त्यामुळे सुरुवात कशी करतात तेही मला नीट माहीत नाही.

लहानपणी मला दम लागायचा, म्हणून चौथीपर्यंतची शाळा तुम्हीच घरी घेतलीत. चुंगी नाक्यावरची ड्युटी संपवून सकाळी यायचात, थोडं झोपायचात आणि मग स्वयंपाकघरात पाटावर बसून मला शिकवायचात. आई भाकरी थापते आहे, नवरा गेल्यावर आपल्याकडे राहायला आलेली आत्या लसूण सोलते आहे, आणि तुम्ही मला सांगता आहात की शहरात येणाऱ्या मालावर चुंगी का घेतात, त्यातून नळ कसे येतात, रस्त्यावरचे दिवे कसे लागतात. मी विचारलं, टोपलीत भाजी घेऊन येणाऱ्या बाईकडूनही घेता का? तुम्ही म्हणालात, "डोक्यावरचं ओझं सोडाचं, चाकावरचं थांबवाचं." ज्याला झेपतं त्यानं द्यायचं. मला ते इतकं पटलं की त्यानंतर कित्येक दिवस आई घागर घेऊन आली की मी दारात उभी राहायची आणि हात हलवून तिला आत सोडायची.

मग घरातही चुंगी सुरू झाली. मामानं संत्री आणली, लग्नातून लाडू आले, की ज्याच्या वाट्याला आले त्यानं त्यातले थोडे फळीवरच्या डब्यात टाकायचे, आणि रविवारी त्यांचं काय करायचं ते सगळ्यांनी मत देऊन ठरवायचं. शेजारच्या म्हातारीला द्यायचं की घरात वाटून खायचं, यावर आपल्याकडे मतदान व्हायचं. आपलं कमी तर पडलं नाही, या भीतीनं मी एक फोड जास्तच टाकायची. धाकटा सगळ्या फोडी तोंडात कोंबून रिकामे हात दाखवायचा आणि तुम्ही हसायचात. म्हणायचात, "नाका चुकवून आला पोरगा." मी चुकवला असता तर हसला असतात का, हे मला कळलं नाही, कारण मी कधी चुकवला नाही.

पुढे संत्र्यांच्या जागी पैसे आले. बी.ए. करता करता मी नंदनवनातल्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले आणि त्यातले निम्मे पोस्टातल्या घराच्या खात्यात जाऊ लागले. तुमच्या पगारातूनही जायचे. धाकटा वायरिंगच्या दुकानात काम शिकत होता, त्यालाही हातात काही मिळायचं, पण त्याच्याकडून तुम्ही घेतलं नाहीत. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणालात, पोराला चार लोकांत उठावं-बसावं लागतं. मला ते खरं वाटलं. मला तुमचं सगळंच खरं वाटायचं. मला जुलैत लॉ कॉलेजात नाव घालायचं होतं, आणि ते पैसे त्यासाठीच साठताहेत असं मी धरून चालले होते. तुम्ही तसं कधी म्हणाला नव्हतात.

त्या मार्चची निवडणूक माझी पहिली. एरवी तुम्हाला दर वेळी पेट्या सांभाळायला कुठल्यातरी खेड्यात पाठवत. त्या वर्षी छातीच्या दुखण्यामुळे तुम्हाला सोडलं, म्हणून आपण सगळे एकत्र निघालो. आधीची आणीबाणीची दीड-दोन वर्षं लोक रस्त्यात बोलताना मागे वळून बघत. त्या दिवशी कार्पोरेशनच्या शाळेसमोरच्या रांगेत सगळे मोठ्यानं बोलत होते. आत्यानं भर रांगेत मला विचारलं, "कोनाले देऊ वं?" तुम्ही तिला गप्प केलंत, तशी ती म्हणाली, "इतके दिवस चूपच होतो, आता बी चूप?" सगळी रांग हसली, पुढचा पोलीसही. वाटेत तुम्ही मला सांगितलं होतं, "जो तुयं भलं करीन म्हणते त्याले नको पाहू. जो साऱ्यायचं करीन त्याले पाहा." मी शिक्का मारला. घडी घातल्यावर शाई दुसऱ्या चिन्हावर उमटली तर माझं मत बाद होईल, या धास्तीनं मी कागदावर इतका वेळ फुंकर घालत राहिले की टेबलावरच्या साहेबांनी हाक मारली. बाहेर आले तेव्हा मला रडू येत होतं आणि मी हसत होते. धाकटा फाटकापाशी खिशात हात घालून उभा होता. त्याचं वय भरलं नव्हतं. आत्यानं त्याच्या नाकासमोर शाईचं बोट नाचवलं आणि घरापर्यंत नाचवत आणलं.

निकाल लागून गेला, बोटावरची शाई अजून होती, आणि रविवारी धाकटा म्हणाला की रामदासपेठेत गाळा मिळतो आहे, उन्हाळा सुरू होतोय, कूलरचं दुकान आता नाही टाकलं तर वर्ष गेलं. सगळे पैसे लागणार होते. तुम्ही म्हणालात, साऱ्या देशानं मत देऊन ठरवलं, आपणही ठरवू. देशात त्याला मत नव्हतं. आपल्या घरात होतं. मी एकच वाक्य बोलले. म्हणाले, त्या पैशात माझे बरेच आहेत. तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही शिकवायला बसल्यासारखे बोललात. "टॅक्स भरते त्यालेच मत, हा इंग्रजाचा कायदा होता. माया बापाले मत नव्हतं. काहून? तं त्याच्यापाशी भराले काही नव्हतं. ते दिवस पुन्हा आनाचे का?" मी मान खाली घातली. आजोबांचं मत मीच काढून घेते आहे असं मला वाटलं.

आई आणि आत्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून आपल्याकडे दाण्यांनी मतं पडत. ज्यानं त्यानं एक तुरीचा आणि एक चण्याचा दाणा घेऊन एकट्यानं स्वयंपाकघरात जायचं, एक डब्यात टाकायचा, उरलेला शेगडीत. तूर दुकानाची, चणा माझ्या कॉलेजचा. पाचही जण जाऊन आले. तुम्ही डबा ताटात उपडा केलात. चार तुरी, एक चणा. तुम्ही तो चणा उचलून माझ्या तळहातावर ठेवलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "सोताले मत देनं काही पाप नाही, बाई."

मे महिन्यात त्याचा पहिला कूलर तुमच्या खाटेशी लागला. घरभर ओल्या वाळ्याचा वास. तुम्ही मला बोलावून म्हणालात, पाहा, तुझ्या चुंगीचं थंड वारं. मी त्या वाऱ्यात बसले नाही. बाहेरच्या खोलीत घाम पुसत बँकेच्या परीक्षेची गणितं सोडवत राहिले. दिवाळीआधी तुम्ही गेलात.

तेव्हापासून मी तुम्हाला उत्तर देते आहे. काउंटरवर लोकांच्या नोटा मोजताना देते, बसमध्ये देते. आजोबांकडे भरायला काही नव्हतं, म्हणून त्यांना मत न देणं हा अन्याय होता, कबूल. पण तुमच्या लेकाकडे भरायला होतं आणि तुम्ही त्याला सोडलंत. जिच्या डोक्यावर ओझं होतं तिला नाक्यावर थांबवलंत, आणि मग म्हणालात की दोघं सारखे. मत सारखं असायला माझी हरकत नव्हती. चुंगी सारखी नव्हती. एवढं एक वाक्य होतं, आणि ते मला एकविसाव्या वर्षी सुचलं नाही. वकिलीच्या पहिल्या वर्षात कदाचित शिकवत असतील. आता तो पावती न देता माल विकतो, आणि मी काय म्हणणार त्याला? नाका चुकवला की मोठी माणसं हसतात, हे तो तुमच्याच शाळेत शिकला.

इतकं लिहूनही एक गोष्ट राहते. तो चणा माझा नव्हता. मी तूर टाकली होती. आपलं भलं पाहू नको असं तुम्ही सांगितलं होतं, आणि मला वाटलं, माझं बाकीचे पाहतील, निदान तुम्ही. मला माझ्या मताशिवाय जिंकायचं होतं. चणा टाकला असता तरी हरलेच असते म्हणा. पण कोणीतरी एकट्यानं स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी चणा टाकला, आणि तुम्ही तो माझा म्हणून माझ्या हातावर ठेवलात तेव्हा मी गप्प बसले. ते माणूसही गप्प बसलं. तुम्ही नसाल, तुम्हाला तो माझाच वाटला. की तुमचाच होता आणि लपवण्यासाठी तसं म्हणालात? आई असेल. आत्या असेल. कधी कधी तो पायरीवर बसून हसत असतो तेव्हा मला वाटतं, तोच असेल, आणि मग त्याचा राग धरायला मला जागाच उरत नाही. तिघंही याच घरात आहेत. विचारलं तर सांगतील. पण विचारायचं तर मी काय टाकलं होतं ते आधी सांगावं लागेल. या घरात मी सात वर्षं सगळ्यांनी मिळून हरवलेली म्हणून वावरते आहे, बाबा, आणि ते सोडून द्यायला माझं मन अजून तयार होत नाही.