कोंडाण्याच्या बारा जणांची नजर

दहिवली, रविवार

ती. भिवाजीमामांस,

नम्रताचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार रागातही चुकवू नये असं तुम्हीच शिकवलंत, म्हणून केला.) मामींचे गुडघे, शेळीचं पोट आणि तुमचा खोकला बरा असेल. डोळ्यांची चौकशी करत नाही. तुमची नजर उत्तम आहे, असं माझ्याच हाताने लिहिलेलं कागदावर आहे, आणि त्या कागदापायीच हे पत्र. हर्षला, आजोबांना मोठ्याने वाचून दाखव. कंसातलंही वाच. ते "पुरं गं" म्हणाले तर पाणी दे आणि पुढे वाच.

मामा, चव्वेचाळिसाव्या वर्षी मी विशीतल्या मुलींच्या बाकावर बसून डोळ्यांच्या दवाखान्यातलं मदतनिसाचं काम शिकते आहे. मंगळवारचं डोळे तपासणीचं शिबिर आमच्या डॉक्टर सरांच्या मागे लागून मी कोंडाण्याला घ्यायला लावलं, ते एका डोळ्यासाठी. तुमच्या उजव्या. डावा तुम्ही "पिकू दे, मग काढू" म्हणत घालवलात. मोतीबिंदू म्हणजे आंबा नव्हे, अढीत घालून पिकवायला! डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, फार वाट पाहिली तर फुगतं, डोळ्यात दाब वाढतो, डोकं फुटेल असं दुखतं, ओकाऱ्या येतात. तुमचं नेमकं तेच झालं होतं. तुम्ही पित्त म्हणालात, तुमच्या नाचातल्या नागूने दृष्ट काढली, मेडिकलवाल्याने डोळे आलेत म्हणून थेंब दिले, आणि आठवड्यात डोळा गेला. हे सगळं मला पुस्तकाच्या अकराव्या पानावर सापडलं, दोन वर्षं उशिरा. मी वर्गातच रडले. शिकवणाऱ्या बाईंना वाटलं, हिला अभ्यास झेपत नाही.

आणि तुम्ही काय केलंत? सोमवारी शाळेत आलात, "पोरीला तक्ता टांगू लागतो" म्हणून. मला किती बरं वाटलं! त्या तक्त्यावर फणीसारख्या खुणा असतात. फणीचे दात वर, खाली, डावीकडे की उजवीकडे, एवढंच बोटांनी दाखवायचं, अक्षर यावं लागत नाही. तुम्ही तक्त्याला नाक लावून उभे होतात, मला वाटलं, खिळा बघताय. तुम्ही ओळी पाठ करत होतात! वर, उजवी, खाली, खाली, डावी. संध्याकाळी देवळापुढे तुम्ही त्यांची गौरीच्या नाचाची पावलं बसवलीत आणि अकरा म्हाताऱ्यांकडून घटवून घेतलीत. का, तर नापास होईल त्याला गाडीत घालून ऑपरेशनला नेतात, आणि पट्टी बांधलेल्या माणसाला नाचात पुढे उभं करत नाहीत, नागू ती जागा घेईल. (नागूचे गुडघे मामींपेक्षा वाईट आहेत, हे गावात तुम्ही सोडून सगळ्यांना माहीत आहे.)

मंगळवारी वारा सुटला आणि तक्ता खिळ्यावरून निसटून बाकामागे पडला. मागे राहिला शाळेचा रायगड जिल्ह्याचा नकाशा. कोणाच्या लक्षात आलं नाही. मी खुर्चीपाशी, एक डोळा झाकून धरायला. माझं लक्ष माणसाच्या बोटांवर. तक्ता मलाही पाठ, त्यामुळे मी भिंतीकडे एकदाही पाहिलं नाही. तुम्ही सगळे आळीपाळीने वर, उजवी, खाली, खाली, डावी करत गेलात, चिंधीआजीने तर बसल्या बसल्या गिरकी घेतली, आणि मी बाराही जणांपुढे "उत्तम" लिहिलं. जेवणाआधी सर आले. त्यांनी कागद पाहिला, भिंत पाहिली, पुन्हा कागद पाहिला. "नम्रताताई, कोंडाण्यात घारी राहतात का? बारा जणांनी नकाशात फण्या पाहिल्या आणि तुम्ही बारा जणांना पास केलंत." परतताना मुली पार खालापूरपर्यंत हसत होत्या. आणि तुम्ही जाता जाता मला काय म्हणालात? "पास झालो ना आमी? मंग पास झालेल्याला परत बशिवतात व्हय गं?"

हसण्याचा मला राग नाही. राग वेगळाच आहे. घरी जाताना शाळेच्या पायरीवर तुम्ही पाय पुढे करून पायरी चाचपलीत, हात हर्षलाच्या खांद्यावर, आणि वर लोकांना सांगत होतात, "पोर घसरंल, म्हणून धरलंय." लहानपणी ओढा ओलांडताना तुम्ही मला "माझ्या पावलावर पाऊल ठेव" म्हणायचात. तेव्हा कुठला दगड हलतो ते तुम्हाला चार हातांवरून दिसायचं. आता हा उजवाही पिकवलात तर नाचात पुढे सोडा, मागेही कोणी उभं करणार नाही. गौरीला अजून सहा आठवडे आहेत. तेवढ्यात डोळा बरा होतो. हे मी भाची म्हणून नाही, अकरावं पान वाचलेली बाई म्हणून सांगते.

मोठ्यांना आशीर्वाद मागायचे असतात. सध्या मागत नाही, गुरुवारी घेईन.

तुमची,
नम्रता

ता. क. गुरुवारी सकाळी आठला फेरतपासणीची गाडी शाळेपाशी येईल. मामींनाही आणा. अंगरखा धुतलेला घाला.

ता. क. दुसरा. सरांनी चार नवे तक्ते आणलेत. पावलं बसवू नयेत.

ता. क. तिसरा. भिंतीकडे एकदाही पाहिलं नाही असं सरांना सांगितलं, वर तुम्हालाही लिहिलं. ते खोटं आहे. चिंधीआजीच्या वेळी मी वळून पाहिलं होतं. मला तो तक्ताच वाटला. तीन महिन्यांपासून लांबचं असंच दिसतंय, आणि डोळ्यांच्या दवाखान्यात हे कुणाला सांगायची माझी हिंमत होत नाही. गुरुवारी तुम्ही खुर्चीवर बसलात, तर तुमच्यानंतर मी बसेन. (हर्षला, हे शेवटचं हळू वाच. मामी ऐकतील.)