तुझा हात न लागलेले मोदक

आई, गणपती काल गेले. मोदकपात्र घासून ओट्यावर पालथं घातलंय आणि त्याच्याकडे बघत तुला लिहितेय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण एक गोष्ट अजून घशात अडकून आहे. आपलं नॉटिंगहॅमचं स्वयंपाकघर आठव. खिडकीच्या काचांवर वाफ धरलीय, बाबा बाहेरच्या खोलीत मखर जोडताहेत आणि तू मोदक वळतेयस. शिस्त चांगली म्हणून तुम्ही मला नन्सच्या शाळेत घातलं होतंत, आणि तिथलं सगळं मी पुरतं गिळलं होतं. गर्भपात म्हणजे हत्या, त्यापुढे बोलणं नाही. आणि तू हॉस्पिटलात नेमकी त्याच कामावर नर्स. ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांना तिथे नकार देता येतो, हे मला ठाऊक होतं. "मग तू नाही का म्हणत नाहीस?" मी विचारलं. तू कळ्या पाडता पाडता म्हणालीस, "अगं, सगळ्यांनीच नाही म्हटलं तर त्या बायांचा हात कोण धरणार? ऑपरेशन थिएटरच्या दाराशी फार घाबरतात गं त्या." मी म्हणाले, "मग त्या हातांनी देवाचे मोदक तरी करू नकोस."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पाप मी शाळेतून आणलं होतं आणि सोवळं सुट्टीतल्या आजोळाहून. दोन्ही अर्धवट, आणि दोन्ही चालवली ती तुझ्यावर. शाळेतल्या नन्सही असं काही बोलल्या नसत्या. तू हातातला अर्धा मोदक ताटात ठेवलास, वॉर्डवर धुतात तसे कोपरापर्यंत हात धुतलेस आणि माडीवर गेलीस. पुढच्या वर्षापासून आपल्याकडे मोदक शेजारच्या काकूंकडून यायला लागले. "शिफ्ट असते हो, जमत नाही," असं तू सगळ्यांना हसून सांगायचीस. खरं कारण बाबांना आणि मला माहीत होतं. मी जिंकले होते, आणि लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला ते आवडलं होतं.

माझं मत काही एका दिवसात बदललं नाही. लेक पोटात असताना मात्र एक कळलं. ती हवीहवीशी होती, तरी उलट्यांनी, भीतीनं जीव नकोसा व्हायचा, आणि वाटायचं, ज्या बाईला हे नको, तिच्यावर ते कुणी लादूच कसं शकतं? तू तेव्हा होतीस. इथून, मिल्टन कीन्सहून, रोज तुला फोन करत होते. आज काय खाल्लं ते सांगायचे, हे नाही. मग लेक चालायला लागायच्या आत तू गेलीस.

ती आता नॉटिंगहॅमलाच युनिव्हर्सिटीत आहे. या वसंतात तिचा फोन आला. दिवस गेले होते, तिचा निर्णय झाला होता, क्लिनिकमधून गोळ्याही आणल्या होत्या. मी डब्यात वरणभात घेऊन गाडी काढली. तिच्या खोलीत गरम पाण्याची पिशवी धरून बसले, पाठ चोळत राहिले. कळ जराशी ओसरल्यावर ती म्हणाली, "मम, मी तुला सांगणारच नव्हते. आजोबांनी ती मोदकची स्टोरी सांगितली होती मला. मला वाटलं, तू जज करशील. आजी असती तर तिला पहिला फोन केला असता." मी तिचा हात धरून होते. तुझं काम मी करत होते, आई, आणि तेही तिची दुसरी पसंती म्हणून.

म्हणून यंदा मोदक घरी करायचे ठरवले. ती सुट्टीला आली होती. उकड मळून झाली तेव्हा ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मम, मी हेल्प करू? म्हणजे, मी हात लावला तर चालेल?" मी हो म्हटलं. आम्हा दोघींनाही कळ्या जमल्या नाहीत, निम्मे मोदक पात्रातच फुटले, सारण बाहेर आलं. तरी नैवेद्य दाखवला.

हे तुला कुठे पाठवणार? देवघराच्या खणात ठेवून देते. पण एक लिहायचं टाळलं. मी हो म्हटलं, पण ते लगेच म्हटलं नाही. मत कधीचं बदललंय, तरी क्षणभर थांबले. तिनं ते पाहिलं, आणि जाऊन पुन्हा एकदा हात धुऊन आली.